शुक्रवारची नारिंगी बंडी

मी एक जुनी नारिंगी बंडी आहे. मला बाह्या नाहीत, कॉलर नाही, खिसा नाही. जाळीदार कापड, दोन्ही कुशींना सैल पडलेलं इलॅस्टिक आणि पाठीवर चौदाचा आकडा, एवढाच माझा संसार.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं असेल, पण माझ्याकडे लक्ष दिलं नसेल. फुटबॉलचा सामना रंगात आलेला असतो, सगळ्यांचे डोळे चेंडूवर असतात आणि मैदानाच्या कडेला काही खेळाडू बंड्या घालून नुसतेच मागेपुढे धावत असतात. ते राखीव खेळाडू. त्यांच्या अंगावर मी असते. त्यांच्यातल्या कोणाला आत बोलावलं की तो सगळ्यात आधी मला डोक्यावरून ओढून काढतो आणि मागे न बघता फेकून देतो. मला अंगातून काढताना माणसाच्या चेहऱ्यावर जेवढा आनंद दिसतो, तेवढा घालताना कधीच दिसला नाही. अशा कपड्यानं कसं जगायचं, ते मी हळूहळू शिकले.

माझा जन्म देगू नावाच्या शहरातल्या एका कारखान्यातला. शेजारच्या टेबलावर नारू क्लबच्या लाल जर्सी शिवल्या जात होत्या. दोरा एकाच रिळाचा होता. पण त्यांच्या छातीवर क्लबचं चिन्ह म्हणून बगळा भरला गेला, त्यांना पातळ कागदात गुंडाळलं गेलं, आणि आम्हाला सुतळीनं बांधून एका जाळीच्या पोत्यात कोंबलं गेलं. एकाच ट्रकनं आम्ही दक्षिणेला, योसूच्या बंदरावर आलो. तिथे जर्सी हँगरवर गेल्या. आम्ही पोत्यातच राहिलो.

नारू हा मोठा क्लब. योसूत मूल चालायला लागलं की त्याला आधी चेंडू देतात. अशा क्लबात आमचा राग राग करणं ही एक रीतच होती. पहिल्या अकरातले खेळाडू आम्हाला हात लावत नसत. संघाच्या डाव्या बाजूला खेळणारा गिल जेगुक हा सगळ्यांत मानाचा खेळाडू. तो मैदानात जाताना आमच्या पोत्याला एक लाथ घालायचा. त्यानं लाथ घातली की संघ जिंकतो, असं सगळे म्हणायचे. हरल्यावर मात्र त्या लाथेचं कोणी नाव काढत नसे.

नारूचे प्रशिक्षक मोक सर. त्यांची एक पद्धत होती, ती आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं. सामना शनिवारी असे. शुक्रवारी सकाळी सगळे खेळाडू रिंगण करून उभे राहत. सर पोत्यातून एकेक बंडी काढत आणि एक शब्दही न बोलता कोणाच्या तरी छातीवर फेकत. ज्याच्या छातीवर बंडी आदळली, तो उद्याच्या अकरात नाही.

पण एवढ्यावर भागत नसे. बंडीवाल्यांनी त्या दिवशी स्वतःचा खेळ खेळायचा नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती. उद्या ज्या संघाशी गाठ आहे, तो संघ त्यांनी व्हायचं. "तू त्यांचा पाच नंबर. हळू खेळतो, दमला की कमरेवर हात ठेवतो, चेंडू आला की डावीकडे वळतो," असं सर सांगत. मग बंडीवाले खोटे शत्रू होत आणि लाल जर्सीवाले त्यांच्यावर हात साफ करून घेत.

अशा या क्लबात प्यो हानसोल आला. गांगवोन प्रांताच्या डोंगरातला, कोबी पिकवणाऱ्या घरातला. कॉलेजांच्या स्पर्धेत त्यानं सगळ्यांना वेड लावलं होतं, म्हणून नारूनं त्याला वाजतगाजत आणलं. गांगवोनमध्ये बटाटा फार पिकतो, त्यामुळे तिकडच्या माणसाला सगळा देश बटाटा म्हणून चिडवतो. कपडे बदलायच्या खोलीत पहिल्याच दिवशी जेगुकनं त्याला गाठलं.

"नाव?"

"प्यो हानसोल, दादा." पोरगा कमरेत पूर्ण वाकला.

"कुठला?"

"गांगवोनचा."

"अरे वा, बटाटा! उकडलेला की भाजलेला?"

"अजून कच्चाच आहे, दादा."

सगळे हसले. जेगुक हसला नाही. हानसोलही डाव्या बाजूनं खेळणारा होता, आणि एका संघात डावी बाजू एकच असते.

पहिल्या शुक्रवारी सरांनी मला हानसोलच्या छातीवर फेकलं. "तू त्यांचा अकरा नंबर," ते म्हणाले. "ठेंगणा आहे, डावखुरा आहे, बाहेर जातो असं दाखवून आत शिरतो." हानसोल उंच होता आणि उजव्या पायाचा होता. पण शिट्टी वाजली आणि मला अंगावर असूनही खरं वाटेना. तो गुडघ्यात वाकून पळू लागला, चेंडू डाव्या पायाला चिकटवू लागला, बाहेर झुकून आत शिरू लागला. लाल जर्सीवाले पार चक्रावले. दुसऱ्या दिवशी खरा अकरा नंबर समोर आला तेव्हा त्यांना त्याची प्रत्येक चाल आधीच माहीत होती. नारू जिंकला.

"शाब्बास," मोक सर हानसोलला म्हणाले. सर सहसा कोणाला शाब्बास म्हणत नसत. पोरगा इतका हरखला की त्यानं मला नीट घडी घालून पोत्यात ठेवलं. माझी घडी त्याआधी कोणीच घातली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तो राजधानीच्या संघातला उंच माणूस झाला, डोक्यानं गोल करणारा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी कोणी. सामन्यांच्या चित्रफिती बघत बसायचा, चालण्याची लकब उचलायचा, थुंकण्याचीसुद्धा. जो व्हायला सांगाल तो तो हुबेहूब व्हायचा. त्याला वाटलं, एवढं काम दिसल्यावर जागा मिळेलच. मलाही तसंच वाटलं होतं.

जागा काही मिळेना. पानगळ आली तेव्हा एका शुक्रवारी सराव संपल्यावर तो सरांपुढे जाऊन उभा राहिला. मी त्याच्या अंगावरच होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सर, या शनिवारी मला अकरात घ्याल का?"

"का?"

"मी चांगलं काम करतोय, सर. तुम्हीच म्हणता."

"म्हणतो ना. म्हणून तर नाही. तू उद्याच्या अकरात गेलास तर शुक्रवारी माझ्या पोरांनी सराव कोणावर करायचा? या बाकीच्या दगडांवर?"

हानसोलनं मला खाली ओढून सरळ केलं. मग म्हणाला, "म्हणजे मी वाईट खेळलो तर घ्याल?"

प्रशिक्षकाला असं उलट विचारायचं नसतं. सरांनी हातातलं घड्याळ बंद केलं. "मैदानाला फेऱ्या मार," ते म्हणाले. "मी थांब म्हणेपर्यंत." आणि ते जेवायला निघून गेले. थांब म्हणायला कोणी आलंच नाही. शेवटी मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसानं त्याला हाकललं, कारण त्याच्या नळीत पाय येत होते.

तेव्हापासून खोलीतला वारा फिरला. सरांनी डोळे वटारलेत म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली.

"काय रे बटाट्या, या आठवड्यात कोण आहेस तू?"

"पोहांग संघाचा गोलरक्षक होतोस का? उभा राहा तिकडे, दार बंद होत नाहीये नीट."

"ए, याला कोणीतरी मोक सर व्हायला सांगा रे! स्वतःच स्वतःला अकरात घेईल."

जेगुक तर त्याला नावानं हाकच मारत नसे. ज्या आठवड्यात तो जो असेल, त्या नावानं हाक मारायचा. "अकरा नंबर, पाणी आण." "उंच्या, माझे बूट पूस." हानसोल पाणी आणायचा, बूट पुसायचा, "हो दादा" म्हणायचा. धाकट्यानं तसंच वागायचं असतं. 

शनिवारी तो मला घालून कडेला धावायचा. बाहेरच्यांचंही प्रेम काही उतू जात नव्हतं. कुंपणाला लागून बसणारा एक गृहस्थ सुकवलेला माकूळ मासा चावत ओरडायचा, "ए चौदा, बस की खाली! खेळणारे दिसत नाहीत!"

एक दिवस जेगुकच्या मांडीचा स्नायू ओढला गेला. डावी बाजू रिकामी झाली. मोक सरांना दुसरा इलाज नव्हता. त्या शुक्रवारी त्यांनी मला भलत्याच पोराच्या छातीवर फेकलं आणि हानसोलचे हात रिकामे राहिले. तो रिकाम्या हातांकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं लाल जर्सी घातली, तेव्हा ती त्याच्या पाठीवर सरळ करायलाही कोणी पुढे आलं नाही.

मित्रांनो, त्या दिवशी मी कडेला होते आणि तो आत. पहिला चेंडू त्याच्याकडे आला. त्यानं तो थांबवला आणि क्षणभर तसाच उभा राहिला. मला कळलं. आता कोण व्हायचं, हे कोणीतरी सांगेल, याची तो वाट बघत होता. कोणी सांगितलं नाही. मग तो ठेंगण्यासारखा आत शिरायला गेला आणि चेंडू गमावून बसला. पुढच्या वेळी उंच माणसासारखी उडी मारली, ती चुकली. मग कमरेवर हात ठेवून हळू खेळू लागला. लोक शिट्ट्या मारू लागले.

मध्यंतराला आमचं पोतं खोलीत आणून टाकलं. मोक सरांनी त्याच्याकडे न बघताच त्याला बाहेर बसवलं. कुबड्यांवर टेकलेला जेगुक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लाल कपडा दिला म्हणून काय झालं? आतून नारिंगी ते नारिंगीच."

हानसोलनं जर्सी काढली. पोत्यात हात घातला, मला बाहेर काढलं आणि स्वतःच्या हातानं अंगात घातलं. 

बंड्या धुऊन वाळत घालणं हे संघातल्या सगळ्यात धाकट्याचं काम. सोमवारी दुपारी हानसोल वाळवणाच्या खोलीत आम्हाला दांडीवर टांगत होता. फोन त्यानं बाकावर ठेवला होता. पलीकडून त्याची आई बोलत होती.

"जेवलास का?"

"जेवलो."

"खोटं बोलतोस. आवाजावरून कळतं."

"आई, सामना बघितलास?"

"बघितला. तुझे बाबा म्हणाले, तो बघ आपला हानसोल. मी म्हटलं, काहीतरीच काय! आपला पळताना जीभ बाहेर काढतो. हा मेला तोंड मिटून पळत होता, कोणी रागवेल की काय अशा बेतानं."

"मोठ्या क्लबात जीभ काढून पळत नाहीत, आई."

"बरं, जीभ राहू दे. आणि ते उतारावरचं? चेंडू आपला सोडून द्यायचास, तो खाली घरंगळत जायचा, नि तू दुसऱ्या बाजूनं वळसा घालून त्याच्याआधी हजर! तुझ्या भावांना वाटायचं तू चेंडू हरवलास. कोबीचे किती गड्डे तुडवलेस त्या नादात! ते का नाही खेळलास?"

 मी केव्हाच कोरडी झाले होते, तरी हानसोल मला पिळत राहिला.

जेगुक बरा होऊन परत आला. त्याच्या पहिल्याच शुक्रवारी सरांनी मला पुन्हा हानसोलवर फेकलं. "तू त्यांचा सात नंबर. उजव्या बाजूनं खेळतो. चेंडू पायात ठेवतो, सोडत नाही." उजव्या बाजूनं, म्हणजे थेट जेगुकसमोर.

सराव सुरू झाला. सुरुवातीला तो सात नंबर होता. चेंडू पायात ठेवत होता. मग कडेच्या रेषेजवळ त्याला एक लांब चेंडू आला, जेगुक धावून अंगावर आला, आणि मला हानसोलच्या छातीत काहीतरी सुटल्यासारखं जाणवलं. त्यानं चेंडूला पायच लावला नाही. जाऊ दिला. चेंडू जेगुकच्या एका बाजूनं निघाला आणि हानसोल दुसऱ्या बाजूनं. त्याची जीभ बाहेर आली होती. जेगुक मध्येच उभा राहिला, कुठे वळावं ते न कळून. मग त्यानं पाय घातला आणि माझा खांदा धरून खाली ओढलं. हानसोल तोंडावर पडला. माझी शिवण टराटरा उसवली.

शिट्टी वाजली. मला वाटलं, सर जेगुकला झापणार. सर हानसोलजवळ येऊन उभे राहिले. बाकीचे सगळे जेगुकचा पाय ठीक आहे ना, ते बघायला धावले होते.

"हे काय होतं? त्यांचा सात नंबर असं खेळतो?"

"नाही, सर."

"मग कोण होतं हे?"

"मी होतो, सर."

मोक सरांचा आवाज चढला नाही. "तुला कोणी विचारलं होतं?" ते म्हणाले. "जा. मैदानाबाहेर जा."

त्यानंतर सरांनी त्याच्या छातीवर बंडीसुद्धा फेकली नाही. बंडी मिळणं हा सगळ्यात मोठा अपमान, असं मी समजत होते. त्याहून मोठा एक असतो. बंडीही नाही आणि जर्सीही नाही. तो एकटा भिंतीवर चेंडू मारत बसायचा. हिवाळ्यात क्लबनं त्याला सोडून दिलं आणि डोंगरातल्या सानमारू नावाच्या लहानशा क्लबनं घेतलं. नारूत त्याला निरोप द्यायला कोणी जमलं नाही. मला उसवलेल्या खांद्यावर दोन जाड टाके घालून पुन्हा पोत्यात टाकलं.

मार्चमध्ये नवा हंगाम सुरू झाला. पहिलाच सामना सानमारूशी. शुक्रवारी सगळे रिंगण करून उभे राहिले. हिवाळ्यात नारूनं डाव्या बाजूला एक तरणाबांड ब्राझीलचा खेळाडू आणला होता. मोक सरांनी मला पोत्यातून काढलं आणि फेकलं. मी जेगुकच्या छातीवर आदळले.

त्यानं मला दोन बोटांनी धरलं, मेलेला मासा धरावा तसं. मग घातलं. बगळ्यावर मी बसले.

"तू हानसोल," सर म्हणाले. "त्यांची डावी बाजू तोच खेळणार आहे."

"हो, सर." पण जेगुक जागचा हलला नाही. "सर, तो खेळतो कसा?"

"कसा म्हणजे? अख्खा हंगाम आपल्याकडे होता ना?"

"डोक्यानं गोल करतो," बचावातला एक जण म्हणाला.

"ते रे तो राजधानीचा उंच्या झाला होता तेव्हा."

"डाव्या पायानं आत शिरतो, नाही का?"

"तो अकरा नंबर! हानसोल उजव्या पायाचा होता."

"कमरेवर हात ठेवून..."

"अरे, तो पाच नंबर!"

मित्रांनो, त्यांना एकेक करून सगळे आठवले. हानसोल सोडून सगळे. एवढे शुक्रवार तो त्यांच्यासमोर खेळला होता आणि तो स्वतः कसा खेळतो ते कोणालाच माहीत नव्हतं. फिती काढाव्यात तर नारूकडून तो एकदाच अर्धा सामना खेळला होता आणि त्यातही दुसऱ्यांच्याच चाली होत्या. सानमारूनं हिवाळाभर दारं लावून सराव केला होता. मोक सर एकाकडून दुसऱ्याकडे बघत गेले.

"कोणीच पाहिलेलं नाही?"

"मी पाहिलंय, सर," जेगुक म्हणाला. "एकदाच. पण पुढचं दिसायच्या आत मी पाय घातला."

"जेवढं दिसलं तेवढं कर."

जेगुकनं प्रयत्न केला. चेंडू सोडून दिला आणि वळसा घातला. चेंडू सरळ रेषेबाहेर निघून गेला.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हाही तसंच झालं. तिसऱ्यांदा त्याचा पाय घसरला आणि तो बसला. कोणी हसलं नाही. सरांनीच सराव थांबवला.

दुसऱ्या दिवशी सानमारूच्या पहिल्या अकरात हानसोलचं नाव पुकारलं गेलं. योसूच्या लोकांनी त्याची यथेच्छ हुर्यो उडवली. मी जेगुकच्या अंगावर, कडेला होते. थोड्याच वेळात आमच्या समोरच्याच रेषेवर त्याला चेंडू आला. आमचा बचावपटू त्याच्या अंगावर धावला, मग थबकला आणि आमच्याकडे वळून ओरडला, "कुठून जाईल? आतून की बाहेरून?"

बाकावर सर होते, त्यांचे मदतनीस होते, सगळे राखीव होते. त्यांच्या माना जेगुककडे वळल्या.

चेंडू एका बाजूनं गेला आणि हानसोल दुसऱ्या बाजूनं. जीभ बाहेर काढून तो आमच्यासमोरून गेला आणि त्यानं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गोल झाला तेव्हा सगळं मैदान चिडीचूप होतं.

जेगुकची छाती माझ्याखाली वरखाली होत होती. "असा खेळतो होय," तो म्हणाला.

मित्रांनो, मी एक उसवून शिवलेली बंडी. मी तुम्हाला काय मोठं शिकवणार? पण तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीतल्या संघात, तुमच्या घरातही एखादा असा असेल, ज्याला सगळे सतत दुसऱ्यासारखं व्हायला सांगतात आणि तो निमूटपणे तसा होतो. त्याला एकदा म्हणा, आज तुझा तू खेळ. आणि तो खेळत असेल तेव्हा पाय घालू नका. नुसतं बघा.

आणि बंडी अंगातून काढलीत तर भिरकावू नका. झटका, सुलटी करा, सावलीत वाळत घाला. पुढच्या शुक्रवारी ती कोणाच्या छातीवर येईल, काही सांगता येत नाही.